गेट बंद, कुलूप लावलं

१

बोरजाई स्टेशनच्या खिडकीतून गेट दिसत नाही. हिंगोलीच्या अलीकडचं हे लहानसं स्टेशन. फलाट संपला की रूळ बाभळींच्या मागे वळतात आणि त्या वळणापलीकडे गावरस्त्याचं गेट आहे. ड्रायव्हरलाही ते वळण घेतल्याशिवाय दिसत नाही, आणि वळण घेतल्यावर भरलेली मालगाडी थांबवणं कुणाच्याच हातात राहत नाही.

म्हणून तिथं सगळं शब्दांवर चालतं. मागच्या स्टेशनातून गाडी निघाल्याची घंटी झाली की मी गेटवर फोन करायचा : अमुक गाडी येते, गेट बंद करा. गेटवरचे भुजंगकाका दांडे खाली घेणार, कुलूप घालणार आणि माझं बोलणं मला परत करणार : "अमुक गाडी. गेट बंद, कुलूप लावलं." सोबत एक गुप्त आकडा, जो फक्त त्यांच्याजवळच्या कागदावर असतो. एवढं झालं की मगच सिग्नल. ट्रेनिंगमध्ये आमच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली होती : आपण सांगितलं ते खरं धरायचं नाही, परत आलं ते खरं.

मी औंढ्याची. वडील देवस्थानच्या कचेरीत. बी.एस्सी. झाले, परीक्षा दिली आणि स्टेशन मास्तर झाले. आई अजून म्हणते, कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या पोरीला रेल्वेनं घेतलं तरी कसं. तिचं चुकत नाही. पण कामावर मला माझी भीती उपयोगी पडायची. शब्द परत येईपर्यंत मी हलत नसे.

रस्ता रुंद करणाऱ्यांनी रुळाकडेची केबल इतक्यांदा तोडली की शेवटी भिंतीवरचा जुना फोन बंदच झाला आणि आमच्या भागात नवा प्रयोग आला. मला एक जाडजूड हँडसेट, भुजंगकाकांना एक. आत सिमकार्ड. सगळ्या जगाचे मोबाईल ज्या टॉवरवर चालतात, त्याच टॉवरवर आता आमच्या गाड्यांचं बोलणं. ते बसवून द्यायला दूरसंचार खात्याचा अद्वैत आला होता. भुजंगकाकांना स्टेशनातच बोलावून घेतलं होतं.

"म्हंजे आमचं पोरगं ज्याच्यावर नाचगाणं बघतं, त्याच्यावरच आता मालगाडी येनार व्हय?" काकांनी हँडसेट हातात तोलून बघितला.

"त्याहून पक्कं आहे, काका. गर्दी झाली तरी रेल्वेच्या आवाजाला आधी वाट मिळते," अद्वैत म्हणाला.

"पन तार न्हाई ना."

"तार कशाला हवी आता?"

"तार व्हती तर एका टोकाला मी अन् एका टोकाला म्याडम. मधी कोन घुसंल? आता टोकच न्हाई म्हनता. मग बोलून राहिलं कोन, ते कळावं कसं?"

"स्क्रीनवर नाव येतं."

"नाव काय, कोनीबी सांगतं. आमच्या पाहुण्यानं लग्नाच्या टायमाला शेतबी हाय म्हनून सांगितलं व्हतं."

अद्वैत पोट धरून हसला. मीही हसले.

२

भुजंगकाकांची बायको सिंधूबाई गेटच्या खोलीतच राहते. चार-दोन बकऱ्या आहेत. रोज दुपारी बकऱ्या चारत ती रुळाकडेनं स्टेशनापर्यंत येते आणि माझ्या टेबलावर डबा ठेवते. मी कधी मागितला नव्हता. पहिल्या महिन्यात मला बिस्किटं खाताना बघून ती म्हणाली होती, "असं उंदरावानी कुरतडून गाड्या चालत न्हाईत, लेकरा." तेव्हापासून डबा सुरू झाला.

काकांचा फोन आला की मागे त्या बकऱ्यांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू यायची. नव्या हँडसेटवर तर अगदी स्वच्छ.

पहिली खोट तिथंच दिसली. पूर्णेकडची पॅसेंजर होती. काका म्हणाले, "पॅसेंजर. गेट बंद, कुलूप लावलं." आकडा सांगितला. मी तो उच्चारला. हँडसेट खाली ठेवणार तेवढ्यात पुन्हा आलं : "पॅसेंजर. गेट बंद, कुलूप लावलं." तोच आवाज, तोच आकडा.

फक्त घुंगरं नव्हती. वाराही नव्हता. बंद खोलीत, भिंतीजवळ तोंड नेऊन कुणी बोलावं, तसं.

मी अद्वैतला फोन लावला.

"इको आहे. पब्लिक नेटवर्क म्हटलं की एवढं चालायचंच. घाबरलीस का?"

"घुंगरं का नव्हती पण?"

"नॉइज कॅन्सलेशन. मशीन फालतू आवाज गाळून टाकतं."

उत्तर पटण्यासारखं होतं. मी विज्ञान शिकलेली मुलगी आहे. तरी त्या दिवशी मी स्टेशनच्या खोलीची दोन्ही दारं उघडी ठेवून बसले.

पुढे ते रोजचंच झालं. एकदा काकांचं, मग एकदा ते दुसरं. भिंतीवरच्या घड्याळाच्या ठोक्यासारखी मला त्याची सवय लागली. आणि सवय लागल्यामुळेच लक्षात आलं की दोन्हींमधलं अंतर कमी होत चाललंय. एके दिवशी दोन्ही आवाज एकमेकांवर पडले. एकच वाक्य, घुंगरांसकट आणि घुंगरांशिवाय.

त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसरा आवाज पहिला आला.

३

म्हणजे असं. घंटी वाजली. मी हँडसेट उचलला, बटण दाबलं, अजून तोंड उघडलं नव्हतं. आणि कानात : "मालगाडी. गेट बंद, कुलूप लावलं." मग आकडा.

मी काही बोललेच नव्हते.

मी नेहमीचा निरोप दिला. थोड्या वेळानं घुंगरांसह काकांचा खरा जबाब आला. आकडा तोच. त्यांनी कागदावरून तो अजून वाचलाही नसेल, तेव्हा मला कुणीतरी तो सांगून मोकळं झालं होतं.

इको मागून येतो, पुढून नाही. हे मी अद्वैतला सांगितलं, तर तो म्हणाला, "झोप होते ना नीट?"

माझ्या सुट्टीच्या दिवशी, सकाळीच, मी चालत गेटवर गेले. काका खाटेवर बसून दाढी करत होते. मी काही बोलण्याआधी तेच म्हणाले, "म्याडम, एक इचारायचं व्हतं. तुमी दोनदोनदा काहून सांगून राहिल्या?"

"म्हणजे?"

"एकदा हळूच सांगता, मंग थोड्या टायमानं मोठ्यानं. पहिल्यांदा लई हळू. कुनी ऐकंल म्हनून बोलल्यावानी. मी म्हनलं, सायेब लोक बसले असतील बाजूला."

"आणि तुम्ही कोणत्या वेळी गेट बंद करता?"

काकांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "पहिल्या टायमालाच. तुमचाच तर आवाज. उलट बरंच, आधी कळतं."

गेट लवकर बंद झालं तर काही बिघडत नाही, एखादा ट्रॅक्टरवाला शिव्या देतो इतकंच. पण माझ्या आवाजात ज्याला 'बंद करा' म्हणता येतं, त्याला 'उघडा' का म्हणता येणार नाही? गेटची खोली रुळाच्या पलीकडे. आणि तो रूळ ओलांडून सिंधूबाई रोज येते.

मी हे बोलून दाखवलं. काकांनी वस्तरा खाली ठेवला.

तोड सिंधूबाईनं काढली. ती चुलीपाशी बसली होती, तिथूनच म्हणाली, "आवाज कोनीबी काढंल. पन माझ्या डब्यात काय हाय, ते त्या मोबाईलच्या बापाला कळनार हाय का? भाजी यांच्याम्होरं चुलीवर शिजती. तुमी यांना इचारा, आज डब्यात काय. बराबर सांगितलं तर हेच. न्हाई सांगितलं तर ठेवून द्या फोन."

"अन् मला म्याडमचा सौंशय आला तर?" काका म्हणाले.

"तर तुमी त्यांना तेच इचारा. एवढं काय अवघड हाय त्याच्यात?"

घुंगरांवर भरवसा ठेवता येत नव्हता. बकऱ्या रानात गेल्या की ती नसायचीच. डब्याची खूण पक्की होती. आम्ही ती वापरायला लागलो. काका सांगायचे, "पिठलं." मी झाकण उघडायचे, पिठलं. "शेंगदाण्याची चटनी अन् भाकर." बरोबर. तो दुसरा आवाज आला की मी विचारायचे, आणि लाइन नुसतीच उघडी राहायची. श्वासही नाही. मग काकांचा खरा आवाज यायचा, घाईघाईनं, भाजीचं नाव घेऊन. काही दिवस मी खरंच शांत झोपले.

४

हळद शिजवायचे दिवस होते. आमच्याकडे तेव्हा शिवारभर वाफ असते. कच्च्या हळदीचा मातकट, उग्र वास कपड्यांत बसतो, आणि वारा पडला की ती वाफ रुळांवर येऊन थांबते. त्या दुपारी खिडकीतून बाभळीसुद्धा दिसत नव्हत्या.

मालगाडीची घंटी वाजली. मी हँडसेट उचलला.

"मालगाडी. गेट बंद, कुलूप लावलं." आकडा.

पुन्हा माझ्या आधी. पण मला आता भीती नव्हती, खूण होती ना. मी विचारलं, "काका, आज डब्यात काय?"

या वेळी लाइन गप्प राहिली नाही. थोडं थांबून उत्तर आलं.

"डबा आला न्हाई अजून."

मी टेबलाकडे पाहिलं. खरंच आला नव्हता. पाण्याच्या बाटलीशेजारची जागा रिकामी होती. बरोबर उत्तर. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी आकडा परत उच्चारला, पॅनेलवरची कळ फिरवली. सिग्नल हिरवा झाला. दूर गाडीनं भोंगा दिला.

मग मी ती रिकामी जागा पुन्हा पाहिली.

डबा आला नाही, हे काकांना कुठून माहीत? काका गेटवर असतात. त्यांच्यासमोर भाजी शिजते, त्यांच्यासमोर डबा भरला जातो. त्यांना विचारलं तर ते भाजीचं नाव सांगतील. डबा आला नाही, हे या जगात ज्या एकाच जागेवरून दिसतं, तिथं मी बसले होते.

मला जेवढं माहीत, तेवढंच त्याला माहीत.

मी कळ उलटी फिरवली. सिग्नल लाल. मग हँडसेटमध्ये ओरडले, आणि घुंगरांच्या गलक्यातून काकांचा आवाज आला. "म्याडम, कोनती मालगाडी? तुमीच तर आत्ता सांगितलं, गाडीला लई टाइम हाय, ट्रॉली जाऊ द्या. हळदीची ट्रॉली रुळावर बंद पडली हाय. डबा तर कवाच निघाला, सिंधू येऊनच राहिली तिकडं."

बाहेर ब्रेकचा आवाज सुरू झाला. लोखंड लोखंडावर घासत, न संपणारा. इंजिन खिडकीसमोरून गेलं, मागचे डबे धडधडत गेले, आणि सगळं वाफेत शिरलं. मी कान झाकले होते तरी तो आवाज दातांत जाणवत होता.

मग तो थांबला.

५

इंजिन वळणाच्या तोंडाशी थांबलं होतं. त्याच्यापुढे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, सिंधूबाई उभी होती. डबा तिच्या हातून पडून खडीवर उघडला होता. अंबाडीची भाजी. मी धापा टाकत पोचले, तर ती मलाच म्हणाली, "बस माय, खाली बस. तू तर पार पांढरी पडलीस."

चौकशी हिंगोलीला झाली. गेट उघडं राहिलं, म्हणजे दोष गेटमनचा. सगळ्यांचा आधी तोच समज होता. काकांची नोकरी जाणार होती आणि गेटची खोलीही. काका कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. "म्याडमनंच सांगितलं, सायेब," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि साहेब मान हलवत होते.

नव्या यंत्रणेत सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. अद्वैतनं ते लावलं.

एक बाई बोलत होती. हळू, भिंतीला तोंड लावून बोलावं तशी. "काका, गाडीला खूप वेळ आहे. ट्रॉली जाऊ द्या." माझा आवाज होता. मग थोडी खरखर. मग तीच बाई म्हणाली, "मालगाडी. गेट बंद, कुलूप लावलं." काकांच्या ढबीत, काकांच्याच हेलात. पण आवाज माझा. मग मीच, मोठ्यानं : काका, आज डब्यात काय? आणि मीच, हळू : डबा आला न्हाई अजून.

अद्वैतनं रेकॉर्डिंग थांबवलं.

"मला हा आवाज काकांचा म्हणून ऐकू आला होता," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. "बेटा, घरी कोण कोण असतं?"

काका वाचले. तेवढं मात्र झालं. मला घरी पाठवलं, विश्रांतीसाठी, डॉक्टरांचा कागद येईपर्यंत. माझ्या खुर्चीत नचिकेत नावाचा मुलगा आला. अद्वैत मला बसपर्यंत सोडायला आला होता. बस सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "एक गोष्ट साहेबांना सांगितली नाही मी. ते हळू बोलणं तुझ्या हँडसेटवरून गेलेलं नाही. कोणत्याच हँडसेटवरून गेलेलं नाही. टॉवरवर नुसतंच आहे."

त्याआधी डेपोत भुजंगकाकाही आले होते, माझी पिशवी धरायला. त्यांना मी माझा नंबर दिला. मी म्हणाले, "काका, हँडसेटवर एकच गोष्ट दोनदा ऐकू आली की हात थांबवा, आणि मला फोन करा. हा माझा साधा मोबाईल. याचा रेल्वेशी काही संबंध नाही."

मी ते बोलले तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. काकांनाही. त्यांनी नंबर दोनदा म्हणून घेतला, परत मला ऐकवला, आणि मी बरोबर म्हटलं.

६

औंढ्याला आमच्या घरी दुपारी आवाज फार नसतात. देवळाकडच्या गल्लीतली दुकानं अर्धी लावलेली असतात, बाबा कचेरीत. आई आणि मी स्वयंपाकघरात बसून गहू निवडत होतो. डॉक्टरांच्या गोळ्यांनी मला जड वाटायचं, पण दचकणं कमी झालं होतं. मला वाटायला लागलं होतं की साहेबांचंच खरं असेल. माणूस घाबरून काय काय ऐकतं, काय काय बोलतं. असंच असू दे, असं मी मनात म्हणत होते. मी वेडी असले तर गेट सुरक्षित आहे.

आईनं सूप पाखडता पाखडता म्हटलं, "मघाशी कुणाशी बोलत होतीस गं आत? इतकं हळू?"

"मी कुठं बोलत होते? इथंच तर आहे तासभर."

"मघाशी म्हणजे आताच. मला वाटलं, कधी उठून गेलीस." ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे.

दार लोटलेलं होतं. आतून कुणीतरी हळू बोलत होतं.

शब्द कळत नव्हते. पण वाक्याचा शेवट कसा खाली येतो ते ऐकू येत होतं, आणि तो शेवट मला ओळखीचा होता. मी उठले. आईनं माझा पदर धरावा तशी ओढणी धरली आणि मग सोडली.

दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. पलंग, कपाट, खिडकीत वाळत घातलेला रुमाल. भिंतीजवळ, बटणाच्या खाली, चार्जिंगला लावलेला माझा मोबाईल उभा टेकवलेला होता, तोंड भिंतीकडे. भिंतीच्या रंगावर त्याचा उजेड पडला होता.

मी तो वळवला. भुजंगकाकांचं नाव होतं आणि फोन चालू होता. कधीपासून कोण जाणे. मी कानाला लावला.

घुंगरं. वारा. म्हणजे काका खरेच होते.

"व्हय म्याडम, ऐकून राहिलो," ते म्हणत होते. "पन पुन्हा एकदा सांगा. भोंगा वाजल्यावानी वाटून राहिलं, म्हनून म्हनलं इचारून घ्यावं."

मला एवढंच सुचलं, जे शिकवलं होतं ते. "काका, मी काय सांगितलं? परत म्हणा."

त्यांनी नियमाप्रमाणे म्हटलं. "गाडी गेली. गेट उघडा."

"उघडलं?"

"व्हय. हँडसेटवर नव्या सायेबाचं दोनदा ऐकू आलं, म्हनून तुमाला फोन केला. तुमी म्हनल्या, उघडा. सिंधू बकऱ्या काढून राहिली पलीकडं."

घुंगरं एकामागून एक, सावकाश चालली होती. एखादी बकरी रुळात तोंड घालून थांबली असावी. सिंधूबाई तिला लाडानं शिवी देत होती. आणि त्याच्याही मागे, बाभळींच्या बाजूनं, काहीतरी लांबट वाजत होतं.

मी श्वास घेतला. बंद करा, हे शब्द जिभेवर होते. ओठ उघडले होते. त्याच्या आधीच माझ्या कानात तो आवाज आला, माझा, हळू, इतका शांत की तसा मला आयुष्यात कधी काढता आला नाही.

"राहू द्या काका. घाई नाही."

"बरं म्याडम," भुजंगकाका म्हणाले. "राहू देतो. घाई न्हाई."